खाली साखर आहे

काकूंचा भाकरीचा तवा नोव्हेंबर ते एप्रिल काकांच्या गाडीच्या डिकीत असायचा. अमेरिकेत, आमच्या बॉथेलमधल्या यच्चयावत मराठी घरांना हे माहीत होतं, कारण काकू ते सगळ्यांना सांगायच्या. हिवाळ्यात त्यांच्याकडे जेवायला गेलं की पोळी मिळायची, भाकरी नाही, आणि वाढताना काकू काकांकडे न बघता म्हणायच्या की तवा डोंगरावर गेलाय, उन्हाळ्यात येईल. पोळ्यांचा नॉनस्टिक तवा तेवढा घरी राहायचा, कारण तो काकांच्या कामाचा नव्हता.

काम म्हणजे बर्फ बघणं. बर्फाचे कण हातमोज्यावर नीट दिसत नाहीत, काळ्या लोखंडावर दिसतात. काका डोंगरात जायचे, कमरेएवढा खड्डा खणायचे, प्रत्येक थरातले चिमूटभर कण गार तव्यावर पसरायचे आणि खिशातलं भिंग काढून, गुडघ्यांवर बसून, श्वास रोखून बघत राहायचे. श्वास रोखून, कारण उच्छ्वास लागला की कण विरघळतात. यासाठी बाजारात पत्र्याची खास काळी पट्टी मिळते. ती मी त्यांना एका वाढदिवसाला भेट दिली होती. त्यांनी ती कौतुकाने घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि थालीपीठ उलटायला बरी पडेल म्हणून काकूंना देऊन टाकली.

मी नागपूरची. बर्फ म्हणजे एप्रिल-मेमध्ये काडीवर मिळतो तो, लाल नाहीतर काळाखट्टा, एवढीच माझी समजूत होती. नोकरीसाठी बॉथेलला आले तेव्हा खिडकीतून लांबवर दिसणारे पांढरे डोंगर मला कॅलेंडरवरचे वाटायचे. तिथे माणसं चालत जातात आणि त्यातली काही परत येत नाहीत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. काकांनी सांगितलं, तेही ओळख झाल्यापासून तिसऱ्या वाक्यात. पहिलं वाक्य होतं, कुठली तू. दुसरं, नागपूरला थंडी किती पडते.

सगळे त्यांना बर्फवाले काका म्हणायचे. इथली मुलं स्नो अंकल म्हणायची. मंडळाच्या गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या आधी ते माइक ताब्यात घ्यायचे आणि हिवाळ्यात डोंगरात जाणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी यावर दहा मिनिटं बोलायचे. बाहेर सप्टेंबरचं ऊन, आत भुकेली माणसं, मोदकांचा वास, आणि हे माकडटोपी का घालावी यावर. प्रसादाआधीच का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, नंतर कोण थांबतंय.

आता यात विक्षिप्तपणा किती आणि शहाणपण किती हे मला पहिली दोन वर्षं ठरवता आलं नाही. माणूस साधा होता. मूळचे सांगलीकडचे. आयुष्यभर एका औषधांच्या कंपनीत तपासणी विभागात होते. कुप्या कारखान्याबाहेर पडण्याआधी शेवटची सही त्यांची लागायची, आणि ती सही ते सहजासहजी करत नसत. बॅच परत पाठवणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. निरोप समारंभात साहेबांनी म्हणे भाषणात सांगितलं, यांच्यामुळे आपल्या किती बॅचेस वाया गेल्या याची मोजदाद नाही. काकांनी ती गोष्ट मला चार वेळा सांगितली, चारही वेळा खुशीत.

बर्फाचं वेड त्यांना पन्नाशीनंतर लागलं, आणि त्याला कारण घडलं होतं. लॅबमध्ये त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारा एक सहकारी एका नोव्हेंबरात पहिल्याच बर्फावर स्की करायला गेला आणि गाडला गेला. बर्फ मांडीएवढाही नव्हता. इतक्याशा बर्फात माणूस मरतो कसा, हे काकांना पटेना. पटेना म्हणून ते रीतसर कोर्स करायला गेले. वर्गात सगळी पंचविशीतली दाढीवाली, केस वाढवलेली पोरं, आणि त्यांच्यात हे माकडटोपी घालून पहिल्या बाकावर. परीक्षेत पहिले आले. त्यानंतर दर हिवाळ्यात मराठी पोरांची टोळी घेऊन डोंगरात जायचं, आणि नेलेला प्रत्येक जण घरी आणायचा, एवढी एकच गोष्ट त्यांनी अंगावर घेतली. कोणी सांगितली नव्हती, कोणी मागितली नव्हती.

इंग्रजी नावं त्यांना सगळी पाठ होती, पण वहीत ते मराठी लिहायचे, आणि मराठी म्हणजे स्वयंपाकघरातलं. ताजा पडलेला बर्फ ‘भुरभुर’. गोल टपोऱ्या गारांसारखा पडला तर ‘साबुदाणा’. ऊन लागून वरून गोठलेला तो ‘पापडी’. वाऱ्याने थापून घट्ट केलेला थर म्हणजे ‘वडी’. आणि सगळ्यात खाली, जमिनीलगत, कधी कधी तयार होते ती ‘साखर’.

साखर हा त्यांच्याकडे वाईट शब्द होता. ते समजावून सांगायचे ते असं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिला बर्फ पडतो, वीतभर. मग आठ-दहा दिवस आभाळ निरभ्र आणि कडाक्याची थंडी. खालची जमीन अजून उबदार, वरची हवा गार, आणि मधे हा वीतभर बर्फ. जमिनीकडची वाफ त्यातून वर सरकत राहते आणि त्याचे कण बदलतात. मोठे होतात, टोकदार होतात, चमकतात, आणि एकमेकांना धरत नाहीत. मग पुढचं वादळ येतं, त्यावर फूट-दोन फूट नवा बर्फ टाकतं आणि वारा त्याची वडी थापतो. वरून बघणाऱ्याला सुरेख पांढरा उतार दिसतो. त्यावर माणसाने पाय दिला की खालची साखर ढासळते आणि अख्खी वडी खाली येते. पेपरात याला हिमस्खलन म्हणतात. काका म्हणायचे, उतार सुटला.

लोक भरपूर बर्फाला भितात, थोड्याला भीत नाहीत, याचा त्यांना फार राग. बर्फ थोडा असतो तेव्हाच साखर होते. वर त्या दिवसांत दगड आणि पडलेली झाडं जेमतेम झाकलेली असतात, म्हणजे सुटलेल्या उताराबरोबर गेलेला माणूस त्यांच्यावर आपटत जातो. धोक्याचा रोजचा सरकारी अंदाजही तोवर धड सुरू झालेला नसतो. म्हणून त्यांचा खरा हंगाम जानेवारी नव्हता, नोव्हेंबर होता. डॉक्टरांनी त्यांना एकदा साखरेपासून लांब राहायला सांगितलं, तर हे त्यांना म्हणाले की गेली कित्येक वर्षं मी दुसरं काय करतोय. डॉक्टर पंजाबी होते, त्यांना कळलं नाही.

त्यांच्याबरोबर डोंगरात जाणं म्हणजे शिक्षाच असायची. पार्किंगमध्ये गाड्यांतून उतरलं की चढायला सुरुवात नाही. प्रत्येकाने गळ्यातला बीकन सुरू करायचा, म्हणजे गाडलं गेल्यावर आपण कुठे आहोत हे दुसऱ्यांना सांगणारं यंत्र, आणि एकेकाने काकांसमोरून जायचं. त्यांच्या यंत्रात पीप वाजलं की पुढे. मग गोल करून उभं राहायचं आणि प्रत्येकाने आज वर न जाण्याचं एक कारण सांगायचं. हा नियम त्यांचा स्वतःचा, कोर्समध्ये शिकवलेला नव्हता. कोणी म्हणायचं गुडघा दुखतोय, कोणी म्हणायचं सोमवारी रिलीज आहे. मी एकदा कंटाळून म्हटलं, काका, मला आज जायचा मूड नाही. त्यांनी तेही वहीत गंभीरपणे लिहून घेतलं आणि म्हणाले, हे आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं कारण आहे, तू मागे राहा. मी खरंच मागे राहिले. चार तास गाडीत बसून होते.

आणि वर गेल्यावर खड्डा. खड्ड्याची भिंत ते रंगाच्या ब्रशने झाडून सरळ करायचे आणि प्रत्येक थरात हात खुपसून बघायचे. मूठ जाते का, चार बोटं जातात का, एक बोट, पेन्सिल, नाहीतर सुरीच लागते. मग बर्फाचा एक खांब मोकळा कापायचा, त्यावर फावडं आडवं ठेवायचं आणि त्यावर चापट्या मारायच्या. मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. खांब कितव्या चापटीला मोडतो ते मोठ्याने म्हणायचं. दहा जण थंडीत कुडकुडत उभे आणि काका चापट्या मोजतायत. ऋजुता, माझी रूममेट, मुंबईची, ती म्हणायची की यापेक्षा ऑफिसमधल्या मीटिंग बऱ्या, निदान हीटर असतो.

आता ती दिवाळीची गोष्ट.

त्या वर्षी काकूंकडे शनिवारी सकाळपासून फराळाचा घाट होता. बॉथेलमधल्या निम्म्या बायका त्यांच्या स्वयंपाकघरात. घर उतारावरचं, त्यामुळे स्वयंपाकघर वर आणि गॅरेज खाली. सामानाची पोती खाली. फराळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वेगळा आणि डोंगराचा वेगळा, पण आम्ही बरेचसे दोन्हींत. काका घरातल्या गडबडीला कंटाळून पहाटेच निघून गेले होते. घाटाच्या कडेला रस्त्यालगत एक छोटा उतार होता, तिथे मोसमातला पहिला खड्डा खणायला.

मी, ऋजुता आणि निखिल असे तिघं त्याच दिवशी वरच्या तळ्याकडे निघालो होतो. निखिल पुण्याचा, माझ्याच टीममधला, वागायला चोख आणि बोलायला त्याहून चोख. आदल्या दोन दिवसांत फूटभर नवा बर्फ पडला होता आणि आमच्या नव्या स्नोशूजना अजून बर्फ लागला नव्हता. स्नोशूज म्हणजे बर्फात रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चपला. काकांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी थांबवलं असतं, हे तिघांनाही माहीत होतं आणि कोणी बोललं नव्हतं.

वाटेत गाडीत तिघांचे फोन एकदम वाजले. ऋजुताने वाचून दाखवलं. काकांचा मेसेज होता: खाली साखर आहे. वर जाऊ नका. आणि लगेच त्याखाली काकूंचं उत्तर: बघितली, दोन पिशव्या आहेत.

मेसेज फराळाच्या ग्रुपवर आला होता. काकांनी गार पडलेल्या बोटांनी चुकीच्या ग्रुपवर टाकला होता, हे मागाहून कळलं. आम्ही तिघंही खो खो हसलो. काकू लाडवांच्या साखरेवरून कोणाला तरी झापत असणार आणि काकांनी तिथूनही मदत केली, असं आम्ही धरून चाललो. ऋजुता एकदा म्हणाली, “थांब यार, काका तर आज डोंगरावर गेलेत ना?” निखिल म्हणाला की फराळाचा ग्रुप आहे, फराळाचंच असणार. मी काही बोलले नाही. मी काकांची वही वाचली होती. साखर म्हणजे काय हे त्या गाडीत माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण मला जायचं होतं. आज हे लिहिताना लाज वाटते.

जंगलातून वर चढायला दीड तास लागला. मग झाडी संपली आणि समोर मोठी वाटी उघडली, तिन्ही बाजूंनी उतार, मधून वाट, पलीकडे तळं. ऊन पडलं होतं. इतकं देखणं दृश्य होतं की निखिलसुद्धा गप्प झाला. झाडीच्या कडेला चालताना पायांखाली एकदा दबका आवाज आला, धप्प, आणि क्षणभर पाय थोडासा खाली गेल्यासारखं वाटलं. निखिल म्हणाला झाडावरून बर्फ पडला असेल. आम्ही पाणी प्यायलो, फोटो काढले आणि वाटीत उतरायला निघालो, तेवढ्यात मागून शिट्टी ऐकू आली.

काका येत होते. परतीच्या वाटेवर पार्किंगमध्ये त्यांना निखिलची गाडी दिसली होती. साठी उलटलेला माणूस, दीड तासाची चढण त्यांनी किती वेळात काढली कोणास ठाऊक. चेहरा लालबुंद, टोपी घामाने भिजलेली, पाठीवर तवा आपटतोय. आम्हाला वाटलं आता आमचं काही खरं नाही. त्यांनी पाच मिनिटं नुसता श्वास घेतला. मग एकच विचारलं, चालताना खालून आवाज आला होता का. ऋजुता म्हणाली, हो.

त्यांनी तिथेच, झाडीच्या कडेला, सुरक्षित जागी खड्डा खणला. खांब कापला, फावडं ठेवलं आणि मला म्हणाले, तू मार. मनगटातून तिसऱ्या चापटीला खांबाचा वरचा फूटभर भाग टेबलाचा ड्रॉवर सरकावा तसा सरळ पुढे आला. खालून त्यांनी ओंजळभर काढून तव्यावर टाकलं. मोठे, कोरे, चकचकीत दाणे, उन्हात चमकत होते. भिंगाची गरजच नव्हती.

“याचा लाडू वळून दाखव,” ते निखिलला म्हणाले.

निखिलने मुठीत घेऊन दाबलं. मूठ उघडली तर सगळं भुरुभुरु खाली. ऋजुताने करून पाहिलं, मी करून पाहिलं. दिवाळीच्या तोंडावर तिघांनाही एक लाडू वळता आला नाही.

“यावर ती सगळी वडी उभी आहे,” काका वाटीकडे हात करून म्हणाले. “चला घरी.”

आम्ही फिरलो, तेवढ्यात स्कीवाल्या चौघांचा गट वर आला. काकांनी त्यांना थांबवून आपला खड्डा दाखवला, आपल्या सांगलीकडच्या इंग्रजीत नीट समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, आभार मानले आणि उतारावर गेले. संध्याकाळी त्यांच्यातल्या एकाचे फोटो इंटरनेटवर आले. आम्ही ज्याच्याकडे पाठ फिरवली त्याच उतारावर चार सुंदर वळणदार रेघा. उतार जागचा हलला नव्हता.

निखिलने तो फोटो डोंगराच्या ग्रुपवर टाकला, शेवटी हसरा चेहरा. कोणीतरी लिहिलं की तव्याने घात केला. पुढच्या आठवड्यात आणखी कोणी दोघं ग्रुप सोडून गेले. त्यांनी दुसऱ्या, जास्त हिमतीच्या लोकांबरोबर जायला सुरुवात केली. मला काकांसाठी वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं स्वतःसाठीही. तळं बघायचं राहून गेलं होतं.

मी फराळाचा डबा परत द्यायला गेले तेव्हा विषय काढला. म्हटलं, काका, ते चौघं तर सुखरूप आले. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते गॅरेजमध्ये फावडं पुसत होते, पुसतच राहिले.

“बरं झालं आले,” ते म्हणाले. “अगं, मी जी बॅच परत पाठवली ती कोणाच्या अंगात गेलीच नाही. तिने कोणी मेलं असतं की नसतं, हे मला कसं कळणार? ते कळलं, तर माझं काम चुकलं असं समजायचं.”

कामावर आम्ही सगळे काय बनवलं, किती चाललं, कोणी वापरलं याची प्रेझेंटेशन देत असतो. या माणसाचं सगळं कर्तृत्व न घडलेल्या गोष्टींत होतं. त्याचा फोटो निघत नाही, त्यावर टाळ्या पडत नाहीत, उलट हसू होतं. आणि हा गडी त्यात तृप्त. त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की तो आजवर उतरलेला नाही.

अस्वस्थ ते वेगळ्याच गोष्टीने होते. शब्दाने. आपण असा शब्द वापरला ज्याचे दोन अर्थ झाले, आणि तीन पोरं वर गेली, याचं त्यांना अतोनात लागलं होतं. चुकीचा ग्रुप वगैरे सबबी त्यांनी सांगितल्या नाहीत. दिवाळीच्या फराळाला सगळे जमले तेव्हा, भरल्या घरात, सगळ्यांसमोर त्यांनी आम्हा तिघांची माफी मागितली. आम्ही मेल्याहून मेल्यासारखे झालो, कारण माफी आम्ही मागायला हवी होती. काकू तर भडकल्याच. म्हणाल्या, जन्मभर हे माझ्या स्वयंपाकघरातनं वस्तू नेतात, शब्दसुद्धा नेले, आता भोगा. त्यानंतर वहीत साखर राहिली, पण डोंगरावरून येणारा निरोप बदलला. दोन्ही ग्रुपवर, एका शब्दाचा. एकतर ‘हो’, नाहीतर ‘नाही’. नोव्हेंबरात बहुतेक ‘नाही’.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलीने दोघांना ईडन प्रेरीला नेलं. मिनेसोटा. बर्फ बॉथेलच्या दसपट आणि जमीन पोळपाटासारखी सपाट. काका पहिल्या हिवाळ्यात मुलीच्या परसात खड्डे खणायला लागले. शेजाऱ्याला वाटलं यांच्या पाण्याचा पाइप फुटलाय, तो बिचारा स्वतःचं फावडं घेऊन मदतीला आला. त्याला काकांनी साखर दाखवली. फोनवर मला सांगत होते, इथली साखर एक नंबर आहे, बोटभर दाणा, पण सुटायला उतारच नाही, सगळी वाया. काकूंना आता बारा महिने भाकरी भाजता येते, आणि तरी त्या माझ्याकडे तक्रार करतात की हे घरात फार असतात.

डोंगराचा ग्रुप माझ्याकडे आला. कोणी दिला नाही. बाकी सगळे मागे सरकले आणि मी पुढे राहिले. कोर्स केला, वही केली, इंडियन स्टोअरमधून बिडाचा तवा आणला. पार्किंगमधलं कारण विचारायला पहिल्या वेळी मला इतका संकोच वाटला की माझा आवाज निघेना. आता निघतो.

परवाच्या शनिवारी, या मोसमातली पहिली मोठी चढाई, त्याच वरच्या तळ्याकडे. पहिला बर्फ लवकर पडून गेला होता, मग दहा दिवस कोरडी थंडी, मग गुरुवारी वादळ. मला घरूनच शंका होती, पण शंकेवर थांबवलं तर पुढच्या वेळी कोणी विचारणार नाही, म्हणून म्हटलं झाडीपर्यंत जाऊ, बघू. बरोबर निखिल होता, त्याची बायको होती, बाकी बहुतेक नवे. कोणी त्याच महिन्यात आलेलं, कोणी अजून युनिव्हर्सिटीत शिकणारं. झाडीच्या कडेला मी खणलं. खांब मनगटातून पाचव्या चापटीला सरकला. तव्यावर दाणे घेतले आणि मला ते भिंगाशिवाय दिसले.

आणि तरी मला ‘नाही’ म्हणवेना. समोर वाटीच्या पलीकडे दोन माणसं निवांत चढत होती. ऊन होतं. माझ्या मागे एवढी माणसं पहाटे चारला उठून, दोन तास गाडी चालवून, नवे बूट घालून उभी होती. मी चुकत असेन तर कधी कळणार नव्हतं, आणि बरोबर असेन तरी कळणार नव्हतं. काका इतकी वर्षं एकट्याने हे करत होते, आणि आम्ही तेव्हा मागे उभं राहून थंडीची तक्रार करत होतो.

मी म्हटलं, “नाही. परत जायचं.”

कोणीच हललं नाही. नाशिकहून नुकतीच आलेली एक मुलगी हळूच म्हणाली, “ताई, पण ते लोक तर जातायत ना? त्यांना काहीच होत नाहीये.” तिचं चुकलं नव्हतं. मी पण कधी तेच म्हटलं होतं. तेवढ्यात निखिल माझ्याजवळ आला, खड्ड्यात वाकून बघितलं आणि सरळ झाला.

“मला काही पटलेलं नाही,” तो म्हणाला. “पण चल.” आणि तो सगळ्यांत पहिला वळून खाली चालायला लागला. त्याच्यामागे त्याची बायको, मग बाकीचे. मी सगळ्यांत शेवटी निघाले. पार्किंगपर्यंत माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही. त्या दोन माणसांचं काय झालं ते मला माहीत नाही. बातमी काही आली नाही, म्हणजे घरी गेली असतील.

रविवारी सकाळी ईडन प्रेरीला फोन लावला. काकांनी आधी थर विचारले. खाली काय, मूठ की चार बोटं. वर वडी किती जाड. खांब कितव्याला. मी वही उघडून सांगत गेले, आणि पलीकडे त्यांच्या पेन्सिलचा आवाज येत होता. मग मी सांगितलं की परत आणलं सगळ्यांना, आणि आता सगळे नाराज आहेत. उतार सुटला की नाही ते माहीत नाही.

शाबास म्हणतील अशी मी थोडी वाट पाहिली, खोटं कशाला बोलू.

“किती जण गेला होतात?” त्यांनी विचारलं.

“अकरा.”

“आलात किती?”

“अकरा, काका.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. लंगडत जाणारी पावलं आली. मग लांबून, आतल्या खोलीत, ते काकूंना मोठ्याने सांगत होते, आणि त्यांचा आवाज असा मी आधी कधी ऐकला नव्हता.

“अगं ए, ऐकलंस का? अकराच्या अकरा.”